प्युअर की नेटअ‍ॅप: महसुलाच्या वाढीइतकेच शेअरच्या संख्येकडेही पाहावे

माहितीसाठ्याच्या यंत्रणा विकणाऱ्या कंपन्यांपैकी दीर्घ मुदतीसाठी प्युअर स्टोरेज घ्यावी की नेटअ‍ॅप, असा मूळ प्रश्न आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, नेटअ‍ॅप ही हार्ड डिस्कच्या काळात वाढलेली जुनी कंपनी असून केवळ फ्लॅशवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवण्याच्या तंत्रावर) उभी राहिलेली प्युअर तिचे ग्राहक एकेक करून काढून घेत आहे. दुसरा पक्ष नेटअ‍ॅपचा नफा, लाभांश आणि मिळकतीच्या तुलनेत स्वस्त असलेला शेअर पुढे करतो. तिसरे मत असे मांडले गेले आहे की, यंत्रणा कोणाचीही खपो, डिस्क आणि चिप तर लागणारच. तेव्हा सीगेट, वेस्टर्न डिजिटल किंवा सॅनडिस्क यांसारख्या मूळ माल बनवणाऱ्या कंपन्याच घेणे शहाणपणाचे. मी बरीच वर्षे अशा यंत्रणांची तांत्रिक तपासणी आणि खरेदीच्या वाटाघाटी केल्या असून नंतर याच कंपन्यांचे ताळेबंद वाचण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

प्रथम एक तुलना मांडतो, कारण या वादात ती सहसा कोणी मांडत नाही. नेटअ‍ॅपचा महसूल 2013 च्या आर्थिक वर्षात सुमारे 6.33 अब्ज डॉलर होता. मधल्या काळात तो घसरून 2020 मध्ये 5.41 अब्जांपर्यंत आला आणि 2025 च्या आर्थिक वर्षात 6.57 अब्ज झाला, म्हणजे बारा वर्षांत कंपनी जवळपास जागच्या जागी राहिली. प्युअरचा महसूल 2016 च्या आर्थिक वर्षात 44 कोटी डॉलर होता, तो 2025 मध्ये 3.17 अब्ज म्हणजे सातपटीहून अधिक झाला. या दोन ओळी वाचून कोणीही प्युअरच्या भागधारकांची चंगळ झाली असे गृहीत धरील. प्रत्यक्षात प्युअरचा शेअर ऑक्टोबर 2015 मध्ये 17 डॉलरला बाजारात आला, पहिल्याच दिवशी त्याखाली बंद झाला आणि 2025 च्या मध्यास साठ डॉलरच्या थोडा खाली होता. नेटअ‍ॅपचा शेअर त्याच ऑक्टोबरमध्ये तीस-पस्तीस डॉलरच्या दरम्यान होता आणि 2025 च्या मध्यास शंभरीच्या थोडा वर होता. दोघांनीही जवळपास दहा वर्षांत तीनपटीहून थोडे अधिक दिले आणि नेटअ‍ॅपने वर लाभांशही दिला.

तुलनेची शेवटची तारीख बदलली की चित्र बदलते, हे मान्य आहे. ऑगस्ट 2025 मध्ये तिमाही निकालानंतर प्युअरचा शेअर एका दिवसात तीस टक्क्यांहून अधिक उसळला आणि डिसेंबरमध्ये पुढच्या निकालानंतर जवळपास तितक्याच वेगाने कोसळला. तरीही सातपट वाढलेली कंपनी आणि न वाढलेली कंपनी यांच्या भागधारकांना दहा वर्षांच्या टप्प्यावर साधारण सारखेच फळ मिळावे, ही गोष्ट कोणत्याही तांत्रिक युक्तिवादाने उलगडत नाही. ती उलगडते शेअरच्या संख्येने आणि सुरुवातीला मोजलेल्या किमतीने. नेटअ‍ॅपने 2013 पासून आपले जवळपास चाळीस टक्के शेअर बाजारातून परत विकत घेतले. प्युअरच्या शेअरची संख्या बाजारात आल्यानंतर सुमारे 19 कोटींवरून 32 कोटींच्या वर गेली. एका ठिकाणी तेवढाच महसूल कमी शेअरमध्ये वाटला गेला, दुसऱ्या ठिकाणी वाढलेल्या महसुलात नवे वाटेकरी येत राहिले. शिवाय प्युअर घेणाऱ्याने सुरुवातीलाच भविष्यातील वाढीचे पैसे मोजले होते. नेटअ‍ॅप घेणाऱ्याने मात्र ‘ही कंपनी आता संपली’ असे बाजार म्हणत असतानाची किंमत मोजली होती.

हा प्रकार या क्षेत्रात नवा नाही. 1979 मध्ये स्थापन झालेली ईएमसी ही 2000 साली या बाजाराची निर्विवाद राणी होती. तिच्या सिमेट्रिक्स यंत्रणा बँका आणि दूरसंचार कंपन्यांच्या केंद्रस्थानी होत्या आणि वर्षाचा महसूल 8.87 अब्ज डॉलर होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा शेअर शंभर डॉलरच्या वर गेला. 2001 मध्ये महसूल 7.09 अब्जांवर आला, कंपनीला तोटा झाला आणि ऑक्टोबर 2002 मध्ये शेअर चार डॉलरच्याही खाली गेला. यापुढचा भाग अधिक बोधक आहे. ईएमसी सावरली, 2004 च्या सुरुवातीला तिने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) अवघ्या 63.5 कोटी डॉलरच्या सुमारास पदरात पाडून घेतली (या क्षेत्रातील इतका फायदेशीर सौदा मला दुसरा आठवत नाही) आणि 2014 पर्यंत महसूल 24.4 अब्जांवर नेला. व्यवस्थापनाने करण्यासारखे जवळजवळ सर्व काही केले. तरीही ऑक्टोबर 2015 मध्ये डेलने तिच्यासाठी 67 अब्ज डॉलरचा प्रस्ताव दिला तेव्हा प्रतिशेअर मूल्य 33.15 डॉलर ठरले. शिखरावर शेअर घेऊन पंधरा वर्षे धरून ठेवणाऱ्याच्या कंपनीचा व्यवसाय पावणेतीनपट झाला आणि त्याचे भांडवल एक तृतीयांश उरले. नेटअ‍ॅपची कथाही तीच. 2000 च्या शिखरानंतर तिच्या शेअरला पुन्हा शंभरी पाहायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

आता मूळ वादाकडे, म्हणजे चांगले उत्पादन असलेली नवी कंपनी जुन्या कंपनीला संपवते का, या मुद्द्याकडे वळू. साठवण यंत्रणा ही सर्व्हरसारखी सहज बदलण्याची वस्तू नाही. एखाद्या संस्थेचा सगळा माहितीसाठा एका प्रणालीवर असतो. त्याच्या प्रती काढणे, दूरच्या केंद्रात प्रतिबिंब ठेवणे, चुकून पुसलेली फाइल परत आणणे, कोणाला काय दिसावे हे ठरवणे, या सगळ्या कामांच्या कार्यपद्धती त्या प्रणालीच्या आज्ञांवर बेतलेल्या असतात आणि कर्मचारीही तिच्यावरच शिकलेले असतात. स्थलांतर करायचे झाले तर महिनोन्‌महिने दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात आणि काही बिघडल्यास नोकरी जाण्याची भीती ज्याला असते, तोच माणूस खरेदीच्या बैठकीत बसलेला असतो. म्हणून नव्या यंत्रणेचा वेग दुप्पट असला तरी तेवढ्याने कोणी जुनी यंत्रणा उखडत नाही. बदल होतो तो साधारणतः देखभाल करार संपताना, जुन्या विक्रेत्याने नूतनीकरणाचा दर अवाच्या सवा वाढवला की.

प्युअरचे खरे कर्तृत्व तिने याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले, यात आहे. पूर्वी तीन ते पाच वर्षांनी संपूर्ण यंत्रणा नव्याने विकत घ्यावी लागे आणि माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचा सोहळा पुन्हा करावा लागे. एव्हरग्रीन या नावाने प्युअरने अशी व्यवस्था दिली की, वर्गणी चालू ठेवल्यास नियंत्रक यंत्रणा ठरावीक काळाने बदलून मिळेल आणि माहिती हलवावी लागणार नाही. यामुळे ग्राहकाला पुन्हा निविदा काढण्याचे निमित्तच उरले नाही. तंत्रज्ञानाच्या दृष्टीनेही तिने बाजारात मिळणारे तयार एसएसडी (फ्लॅश चिपचे तयार साठवण घटक) न वापरता कच्च्या फ्लॅश चिप घेऊन स्वतःचे घटक बनवले आणि चिपमधील लेखन, झीज व मोकळ्या जागेची व्यवस्था स्वतःच्या सॉफ्टवेअरकडे घेतली. हे मी तपासणीत जवळून पाहिले आहे आणि ते उत्तम अभियांत्रिकीचे काम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण नेटअ‍ॅपने काय केले तेही पाहिले पाहिजे. 2015 मध्ये ती फ्लॅशमध्ये मागे पडली होती हे खरे. स्वतःची वेगळी फ्लॅश यंत्रणा बनवण्याचा तिचा प्रयत्न फसला आणि तिने सॉलिडफायर 87 कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. त्या खरेदीतूनही अपेक्षेइतका मोठा व्यवसाय उभा राहिला नाही. तिला तारले ते ऑनटॅप या जुन्याच प्रणालीने. कंपनीने ती फ्लॅशवर नीट चालेल अशी सुधारली, आणि आधीचे ग्राहक कार्यपद्धती न बदलता हार्ड डिस्कवरून फ्लॅशवर सरकले. पुढे हीच प्रणाली अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या तिन्ही क्लाउडमध्ये त्या कंपन्यांच्या स्वतःच्या सेवा म्हणून विकली जाऊ लागली. ज्या क्लाउडने नेटअ‍ॅपला गिळावे असे भाकीत होते, तोच तिचा एक विक्रेता झाला. हा व्यवसाय अजून लहान आहे आणि त्याच्याभोवती केलेल्या काही खरेद्या कंपनीने नंतर विकून टाकल्या, त्यामुळे त्याला फार मोठे मूल्य देण्याची घाई करू नये. परंतु ‘जुनी म्हणजे मरणारी’ हे समीकरण येथे लागू पडले नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

दोन्ही कंपन्यांच्या ढोबळ नफ्याचे (विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचे) प्रमाण पाहिले तर ते सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखेच आहे. ज्यांना प्युअरचे तंत्रज्ञान एका वेगळ्याच पातळीवरचे वाटते त्यांनी या आकड्यापाशी थांबून विचार करावा, कारण ग्राहक त्या श्रेष्ठतेसाठी वेगळा दर देत असता तर तो येथे दिसला असता. फरक पडतो तो त्याच्या खालच्या ओळींत. 2025 च्या आर्थिक वर्षात नेटअ‍ॅपने अमेरिकी प्रमाणित लेखानियमांनुसार सुमारे 1.19 अब्ज डॉलर निव्वळ नफा दाखवला. प्युअरचा याच नियमांनुसार परिचालन नफा सुमारे 8.5 कोटी डॉलर होता, तर कंपनीच्या स्वतःच्या समायोजित पद्धतीनुसार तो सुमारे 56 कोटी होता. एकाच वर्षाचे, एकाच व्यवसायाचे हे दोन आकडे आहेत आणि वादातील एक पक्ष नेहमी पहिला तर दुसरा नेहमी दुसरा वापरतो. त्यामुळे दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत.

या फरकातील सर्वात मोठा वाटा कर्मचाऱ्यांना वेतनाचा भाग म्हणून दिलेल्या शेअरचा आहे. त्यात रोख रक्कम जात नसल्याने तो खर्च वगळून पाहावा, असे कंपन्या सुचवतात. माझे मत स्पष्ट आहे: अभियंत्याला शेअर दिले नाहीत तर पगार वाढवून द्यावा लागेल, त्यामुळे हा खर्चच आहे, फक्त तो कंपनीच्या तिजोरीतून न जाता भागधारकाच्या हिश्श्यातून जातो. मुक्त रोख प्रवाहाचा (व्यवसायातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचा) आकडाही याच कारणाने फुगलेला दिसतो. प्युअरचा तो त्या वर्षी सुमारे 53 कोटी डॉलर होता, पण शेअरची संख्या स्थिर ठेवायची तर त्यातील मोठा भाग नवे शेअर बाजारातून परत घेण्यातच खर्ची पडेल. नेटअ‍ॅपही कर्मचाऱ्यांना शेअर देते, तीही समायोजित आकडे प्रसिद्ध करते, परंतु तिच्या पुनर्खरेदीनंतर एकूण संख्या खरोखर कमी होते. त्या वर्षी तिने कमावलेल्या मुक्त रोखीहूनही अधिक रक्कम लाभांश आणि पुनर्खरेदीतून परत केली. हे कायम चालू शकत नाही, ही नेटअ‍ॅपच्या पक्षाची दुबळी बाजू होय. व्यवसाय वाढला नाही तर पुनर्खरेदीने किती वर्षे रेटणार, हा प्युअरच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे.

बाजारातील हिश्श्याच्या तक्त्यांवरूनही बराच वाद होतो. हे तक्ते मुख्यतः विक्रेत्याच्या महसुलावर बेतलेले असतात आणि विक्रीची पद्धत बदलली की ते फसवे ठरतात. यंत्रणा थेट विकली तर महसूलाचा मोठा भाग लगेच नोंदला जातो. तीच यंत्रणा वापरानुसार भाड्याने दिली तर तो काही वर्षांत थोडाथोडा नोंदला जातो. एखाद्या तिमाहीत प्युअरचा हिस्सा घटलेला दिसला तर तिच्या उर्वरित कराराधीन महसुलाचा (करार झालेल्या पण अजून न नोंदलेल्या महसुलाचा) आकडा वाढला आहे का, ते आधी पाहावे.

प्युअरची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये की, आपण वाचलेल्या कंपनीकडे पाहत आहोत. तिच्याबरोबर किंवा थोडे आधी बाजारात आलेल्या इतरांचे काय झाले ते सांगतो. फ्यूजन-आयओ जून 2011 मध्ये 19 डॉलरला आली आणि 2014 मध्ये सॅनडिस्कने ती 11.25 डॉलरने घेतली. व्हायोलिन मेमरी सप्टेंबर 2013 मध्ये 9 डॉलरला आली, पहिल्याच दिवशी आपटली आणि डिसेंबर 2016 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. निंबल स्टोरेज डिसेंबर 2013 मध्ये 21 डॉलरला आली आणि 2017 मध्ये एचपीईने ती 12.50 डॉलरने घेतली. या तिन्ही कंपन्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकांत तेव्हाच्या ईएमसीला लाजवतील असे आकडे होते. स्वतंत्र राहून मोठी झाली ती प्युअर.

याच्या उलट, विकल्या जाण्यातून नशीब उघडल्याची उदाहरणेही आहेत. ऑगस्ट 2010 मध्ये थ्रीपार या कंपनीसाठी डेलने 18 डॉलरचा प्रस्ताव दिला, एचपीने त्यावर चढ्या बोली लावल्या आणि काही आठवड्यांत किंमत 33 डॉलरवर गेली. त्याआधी हा शेअर दहा डॉलरच्याही खाली मिळत होता. 2009 मध्ये डेटा डोमेनसाठी नेटअ‍ॅपने सुमारे 1.5 अब्जांचा प्रस्ताव दिला आणि ईएमसीने तो 2.1 अब्जांपर्यंत नेला. नेटअ‍ॅप हरली, पण करार मोडल्याबद्दल 5.7 कोटी डॉलर घेऊन बाहेर पडली. अशा संधींवर गुंतवणुकीचे गणित बेतू नये, कारण खरेदी करू शकणारे मोठे भिडू आता थोडेच उरले आहेत. डेलसारख्या कंपनीत साठवणीचा व्यवसाय एकूण महसुलाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून या बाजारावर थेट मत मांडायचे असेल तर डेलचा शेअर त्यासाठी उपयोगाचा नाही. वाद फिरून फिरून प्युअर आणि नेटअ‍ॅपपाशीच येतो त्याचे कारण हेच.

प्युअरच्या समर्थनार्थ सध्या सर्वाधिक पुढे केला जाणारा मुद्दा म्हणजे तिने मेटाच्या केंद्रांमध्ये मिळवलेला प्रवेश. एका महाकाय कंपनीने हार्ड डिस्कच्या जागी आपले तंत्रज्ञान निवडल्याचे प्युअरने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केले आणि पुढे ती कंपनी मेटा असल्याचे उघड झाले. यात चिपची खरेदी ग्राहक स्वतः करतो आणि प्युअरला तिच्या सॉफ्टवेअरसाठी व रचनेसाठी शुल्क मिळते. शुल्कातून येणाऱ्या महसुलावर नफ्याचे प्रमाण फार मोठे असते, म्हणून हा करार बाजाराला आवडणे स्वाभाविक आहे. मला येथे सावध राहावेसे वाटते. 2009 मध्ये फ्लॅशवर चालणारे साठवण घटक बनवणाऱ्या एसटेक या कंपनीचा शेअर एका मोठ्या ग्राहकाच्या 12 कोटी डॉलरच्या मागणीवर काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या ग्राहकाकडे माल शिल्लक पडून असल्याचे कळताच शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक कोसळला आणि 2013 मध्ये कंपनी 34 कोटी डॉलरमध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेली. फ्यूजन-आयओचा महसूलही प्रामुख्याने फेसबुक आणि अ‍ॅपल या दोन ग्राहकांवर अवलंबून होता. अशा ग्राहकांकडे स्वतःचे निष्णात अभियंते असतात. ते दोन-तीन वर्षे विकत घेऊन शिकतात आणि नंतर तेच काम घरात करता येईल का, हे तपासतात. मेटाचा करार प्युअरसाठी चांगलाच आहे. तो दहा वर्षे टिकेल असे धरून किंमत मोजणे हा वेगळा निर्णय झाला.

आता मूळ माल बनवणाऱ्यांविषयी. हार्ड डिस्कच्या धंद्यात आज जगात तीनच उत्पादक उरले आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सीगेटने मॅक्सटॉर आणि सॅमसंगचा डिस्क व्यवसाय घेतला, वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा घेतला. 2010 मध्ये जगभर साठ कोटींहून अधिक डिस्क विकल्या गेल्या होत्या. 2023 पर्यंत ही संख्या पाव हिश्श्याहूनही खाली आली, कारण वैयक्तिक संगणकांतून डिस्क हद्दपार झाली. त्यावरून हा धंदा संपल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण उरलेल्या डिस्क मोठ्या क्लाउड केंद्रांत जाणाऱ्या, प्रचंड क्षमतेच्या आणि महाग आहेत. सीगेटचा महसूल 2022 च्या आर्थिक वर्षातील 11.66 अब्जांवरून 2024 मध्ये 6.55 अब्जांवर घसरला आणि मधल्या 2023 मध्ये तोटाही झाला. त्या मंदीने दोन्ही मोठ्या कंपन्यांना शिस्त लावली. त्यांनी क्षमता कमी केली आणि आधी करार, मग उत्पादन, ही रीत धरली. परिणामी 2025 मध्ये सीगेटचा महसूल सुमारे 9.1 अब्ज, म्हणजे 2022 पेक्षा बराच कमी असूनही ढोबळ नफ्याचे प्रमाण तेव्हाच्या सुमारे तीस टक्क्यांवरून पस्तीसच्या आसपास गेले. कमी विकून अधिक प्रमाणात कमावणे हे स्पर्धा सैलावल्याचे लक्षण असते, आणि गुंतवणूकदाराने शोधायचे ते हेच.

सीगेट घ्यावी की वेस्टर्न डिजिटल, हा वाद मात्र मला काहीसा अवाजवी वाटतो. सीगेटने लेझरने तबकडीचा सूक्ष्म बिंदू तापवून लिहिण्याचे तंत्र दीर्घ संशोधनानंतर जानेवारी 2024 मध्ये तीस टेराबाइटच्या पुढच्या डिस्कमध्ये आणले. वेस्टर्न डिजिटलने तोवर तबकड्यांची संख्या वाढवणे आणि माहितीच्या रेषा एकमेकींवर चढवून लिहिणे, असा कमी जोखमीचा मार्ग धरला. सीगेटच्या समर्थकांना वाटते की, ही आघाडी तिला बाजार मिळवून देईल. येथे ग्राहक कोण आहे ते लक्षात घ्यावे. मूठभर क्लाउड कंपन्या बहुतेक माल उचलतात आणि त्यांच्या खरेदी विभागाचा पहिला नियम म्हणजे कोणत्याही एका पुरवठादारावर अवलंबून राहायचे नाही. त्या मागे पडलेल्यालाही जगवतात. त्यामुळे तांत्रिक आघाडीचा लाभ बाजारातील हिश्श्यात कमी आणि प्रति टेराबाइट खर्चात अधिक मिळतो. तो मोलाचा आहेच, परंतु त्यासाठी एका कंपनीला दुसरीपेक्षा फार मोठे मूल्यांकन द्यावे असे मला वाटत नाही.

फ्लॅश चिपच्या धंद्याबद्दल थोडक्यात सांगतो. सॅमसंग, एसके हायनिक्स, कियोक्सिया, सॅनडिस्क आणि मायक्रॉन हे पाच मोठे उत्पादक आहेत आणि चीनची वायएमटीसी त्यांच्या मागे आहे. कारखान्यांवर अब्जावधी खर्च होतो आणि एकदा तो उभा राहिला की थांबवणे परवडत नाही, म्हणून भाव पडले तरी माल येतच राहतो. 2023 च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनला 5.8 अब्जांहून अधिक तोटा झाला. वेस्टर्न डिजिटलने 2016 मध्ये सॅनडिस्क सुमारे 16 अब्जांना घेतली आणि 2023 च्या बहुतांश काळात संपूर्ण वेस्टर्न डिजिटलचेच बाजारमूल्य त्याहून कमी होते. फेब्रुवारी 2025 मध्ये सॅनडिस्क पुन्हा वेगळी झाली आणि त्यानंतर चिपच्या टंचाईमुळे तिचा शेअर काही महिन्यांत अनेक पटींनी वाढला. अशा कंपनीत मिळकतीच्या तुलनेत शेअर स्वस्त दिसतो तो बहुधा चक्राच्या माथ्यावर आणि महाग किंवा तोट्यातील दिसतो तो तळाशी. म्हणून ‘कोणीही जिंको, चिप यांचीच लागते’ हा युक्तिवाद खप वाढण्याबद्दल खरा असला तरी भावाबद्दल काहीच सांगत नाही.

फ्लॅश हार्ड डिस्कला संपवील का, हाही प्रश्न या वादात नेहमी विचारला जातो. 2028 नंतर नव्या हार्ड डिस्क विकल्या जाणार नाहीत, असे भाकीत प्युअरच्या बाजूने 2023 मध्ये केले गेले होते. मला ते पटत नाही. वीज आणि जागा यांची बचत हिशेबात धरली तरी मोठ्या क्षमतेच्या फ्लॅशचा प्रति टेराबाइट दर हार्ड डिस्कच्या कित्येक पट आहे. आणि समजा सगळा साठा फ्लॅशवर न्यायचा ठरवला, तर तेवढ्या चिप बनवण्यासाठी लागणारे कारखाने आज अस्तित्वात नाहीत. ज्या ठिकाणी माहिती वारंवार वाचली जाते तेथे फ्लॅश डिस्कला मागे सारत राहील आणि जेथे ती केवळ ठेवून द्यायची आहे तेथे डिस्क टिकेल.

मग निवड काय करावी? ज्याला लाभांश आणि स्थिर रोख हवी, त्याला नेटअ‍ॅप मिळकतीच्या पंधरापटीच्या आसपास मिळत असेल तर घ्यावी, त्याहून बरीच महाग असेल तर थांबावे. वाढ नसलेल्या कंपनीला वाढीची किंमत देण्याचे कारण नाही. प्युअर घ्यायची असेल तर कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च धरून काढलेल्या नफ्यावर हिशेब करावा आणि पुढील काही वर्षांत हा नफा महसुलाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचेल का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. तो पोहोचला तर आजची महाग किंमतही पचेल, नाहीतर महसूल कितीही वाढला तरी भागधारकाच्या हाती थोडेच लागेल. हार्ड डिस्कच्या दोन्ही कंपन्या मिळून एक गुंतवणूक समजाव्यात आणि त्यांपैकी कोणीही नवा कारखाना किंवा मोठी क्षमतावाढ जाहीर केली की आपला वाटा कमी करण्याचा विचार सुरू करावा.

पुढच्या काही तिमाहींत दोन्ही यंत्रणा-कंपन्यांची खरी परीक्षा चिपच्या वाढलेल्या भावाने होणार आहे. हा वाढीव खर्च त्यांनी ग्राहकावर ढकलला आणि ढोबळ नफ्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या जवळपास टिकवले, तर ग्राहक त्यांना बांधलेला आहे हे सिद्ध होईल. निकाल वाचताना हे प्रमाण उत्पादने आणि सेवा यांसाठी वेगवेगळे पाहावे, कारण वर्गणीचा नफा स्थिर असल्याने एकत्रित आकड्यात उत्पादनावरील घसरण दोन-तीन तिमाही झाकली जाऊ शकते.